सासरी नेलेलं मीठ

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात प्रविण खांद्यावर घरच्या मिठागरातलं अर्धी गोणी मीठ घेऊन कोलाडला एसटीतून उतरला. सासरी मिठाई नेणारे जावई स्टँडवरच्यांनी पुष्कळ पाहिले होते, मीठ नेणारा हा पहिलाच. हसले बिचारे.

त्याची बायको अनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घर गावाबाहेर, विजेचा खांब तिथवर पोचलाच नव्हता. म्हणून प्रविणने मोठ्या हौसेने छपरावर सोलरचं पॅनेल चढवलं, घरात बॅटरी नि दोन ट्यूब जोडल्या. राहिलं होतं ते अर्थिंग. खड्ड्यात पाइप उभा करून भोवती कोळसा नि मीठ भरायचं. म्हणजे आभाळातून काही उतरलंच तर सरळ जमिनीत जाईल.

सासू विमलबाईंनी गोणी पाहिली नि पदर खोचला. त्यांचं माहेर वडखळच्या खाडीकाठचं. त्या लहान असताना बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं होतं, नि बापाला पाच वर्षं भाताचा दाणा दिसला नव्हता. आपल्या परसात मीठ पडणार नाही, त्यांनी सांगून टाकलं. मिठागरवाल्याला पोरगी दिली तेवढं पुरे, हेही ऐकवलं.

प्रविणला ते झोंबलं. पण मागच्या वळवाला शेजारच्या सागावर वीज पडली होती, आणि अर्थिंगशिवाय ते लोखंड अनिताच्या डोक्यावर ठेवायला त्याचं मन धजेना. पॅनेल उतरवायला तो शिडीवर चढला.

वरून त्याला न्हाणीमागचा माड दिसला. बुंध्याशी पांढरे खडे चमकत होते.

"मामी, माडाला मीठ कुणी घातलं?"

"मीच. माडाला लागतंच ना ते," विमलबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांनी जीभ चावली. अनिता पोट धरून हसत सुटली.

न्हाणीचं पाणी दिवसभर तिथेच मुरत होतं. अर्थिंगला ओल हवीच होती. माडापासून दोन हात सोडून प्रविणने खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा टाकला. मिठाला हात घालणार, तोच सासूबाईंनी गोणी आपल्याकडे ओढली. पहिली ओंजळ त्यांनी स्वतः टाकली नि खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "माज्या बापाचं शेत खाल्लंस. आता माज्या नातवाला सांभाळ."

मग प्रविणकडे न बघताच पुटपुटल्या, "नि ह्या जावयाला बी."