चाळिसाव्या पानावरचं वाक्य

बाजीराव एकतीस वर्षं बारामती–निरवांगी एसटीवर कंडक्टर होते. त्या नोकरीनं त्यांच्या फ्रेंचचं वाटोळं केलं की भलं, हे त्यांच्या बायकोला, पुतळाबाईंना, अजून ठरवता आलेलं नाही.

लेक तेजश्री फ्रान्सला नोकरीला गेली आणि तिकडचाच नवरा करून बसली. लग्नानंतर नवरा आणि सासू मिरेयबाई यांना घेऊन ती आठ दिवस निरवांगीला आली. या विहीणबाईंशी बाजीरावांना एकच गोष्ट बोलायची होती, तीही स्वतःच्या तोंडानं. त्यासाठी त्यांनी बारामतीहून फ्रेंच संभाषणाचं चाळीस पानी पुस्तक आणून ठेवलं होतं.

"आबा, मी सांगते की त्यांना," तेजश्री म्हणाली.

"तुझ्याबद्दलचं तूच कसं सांगशील?"

पुस्तक पाठ झालं, पण एसटीचे थांबे पाठ व्हावेत तसं. पहिल्यापासून सुरू केलं तर धडाधड, मधूनच काही विचारलं तर बाजीराव मुके. आणि त्यांचं वाक्य नेमकं शेवटच्या पानावर होतं. धीर गोळा करण्यात सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी दारात आली, तेव्हा कुठं त्यांनी घसा खाकरला.

"बोंझूर," बाजीराव म्हणाले. मग कशा आहात ते विचारलं. बाई बऱ्या होत्या. मग रेल्वे स्टेशन कुठं आहे ते विचारलं. बाई सालस, त्यांनी मोबाइलवर शोधून बारामतीचा रस्ता दाखवला. बाजीरावांनी आभार मानले आणि सूपमध्ये माशी पडल्याची तक्रार केली. बाईंनी त्यांच्या चहाच्या कपात वाकून पाहिलं आणि आपला कप पुढं केला. दात दुखतो म्हणाले, तेव्हा बाईंनी चष्मा चढवून, त्यांना आ करायला लावून सगळ्या दाढा तपासल्या. एक हलत होती.

"अवो, बास करा की. त्यांचं इमान चुकंल," पुतळाबाई म्हणाल्या.

"अडतीस पानं झाली. आता थांबता येत न्हाय."

एकोणचाळिसावं पान निरोपाचं होतं. "ओ रवुआर," बाजीराव म्हणाले. म्हणजे पुन्हा भेटू. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्यातलंच. बाईंना वाटलं, संपलं. त्या डोळे पुसत गाडीत बसल्या आणि गाडी निघाली.

पासष्ट वर्षांचे बाजीराव मागं धावले आणि त्यांनी पत्र्यावर एक टोला हाणला. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे बारामतीच्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

'माझ्या पोरीला सांभाळा' असं वाक्य त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. पुस्तक काढणाऱ्याला लेक नसावी. त्यातल्या त्यात जवळचं सापडलं ते चाळिसाव्या, सामानाच्या पानावर. बाजीराव खिडकीशी वाकले, तेजश्रीकडं बोट केलं आणि धापा टाकत म्हणाले, "आतांसियों. से फ्राजिल."

म्हणजे जपून न्या, लवकर फुटतं.

तेजश्रीनं तोंड फिरवलं. मिरेयबाई हसल्या नाहीत. परवाच्या ठेच्यानं अजून पांढराफटक असलेला त्यांचा सहाफुटी मुलगा पुढच्या सीटवर पोट धरून बसला होता. त्याच्याकडं बोट करून त्या हळूच म्हणाल्या, "लुई ओसी."

हे काही पुस्तकात नव्हतं.

"काय म्हणल्या?"

"हा पण, म्हणाल्या," तेजश्री म्हणाली.

बाजीरावांनी जावयाकडं बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि पत्र्यावर दोन टोले दिले.