मागच्या गल्लीला ऐकू न आलेला भोंगा

तपासनीसबाई येणार म्हणून खाणीच्या ऑफिसात आठवडाभर नुसती झाडलोट चालली होती. जिन्याच्या कठड्याला नवा रंग लागला, जुन्या हेल्मेटांच्या जागी कोरी आली आणि कॅन्टीनमधल्या तुटक्या खुर्च्या कुणाला पत्ता लागू न देता शेडमागे गेल्या. वहिनीला हे सगळं बघून हसू येई आणि धाकधूकही वाटे. ती खाणीची सुरक्षा अधिकारी. कागदोपत्री तिला मॅडम म्हणत, पण ती खाणीखालच्या वस्तीतच नांदत होती, त्यामुळे ड्रायव्हरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच होती.

दर तीन वर्षांनी कंपनीबाहेरचं कुणीतरी येऊन खाण तपासत असे. पाणी किती स्वच्छ आहे, धूळ किती उडते, कामगार धडधाकट घरी जातात का, आसपासच्या लोकांशी कंपनी कशी वागते, हे सगळं मोजायचं आणि प्रत्येक गोष्टीला श्रेणी द्यायची. आधी कंपनीने स्वतःची श्रेणी स्वतःच लिहून ठेवायची, मग बाहेरचा माणूस ती खरी की खोटी ते बघणार.

सगळ्यात नाजूक बाब होती गाळाच्या बंधाऱ्याची. दगड दळून धातू काढून घेतला की उरतो तो ओला, राखाडी गाळ. डोंगराच्या घळीत बंधारा घालून तो साठवलेला होता आणि बंधाऱ्याच्या बरोबर खाली वस्ती. बंधारा कधी दगा देऊ लागलाच तर भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी शाळेच्या टेकडीवर पळायचं, असं ठरलेलं. या तयारीला वहिनीने 'बी' लिहिलं होतं. मॅनेजरसाहेबांनी ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"बी? घरचंच लेकरू आणि त्याला तुम्हीच नापास करताय?"

"नापास नाही साहेब. पण न सांगता भोंगा वाजवून आपण कधी पाहिलेलंच नाही. दरवेळी आदल्या दिवशी दवंडी पिटतो. लोक आधीच चपला घालून बसलेले असतात."

"माल घेणारे लोक हे कागद बघतात, वहिनी," असं म्हणून साहेबांनी 'ए' करून टाकलं. वहिनी म्हणाली, "ठीक आहे. तपासणीत काय ते ठरेलच."

तपासनीसबाई आल्या त्या एका जुन्या जीपमधून. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. नव्या रंगाच्या कठड्याला त्यांनी हात लावला आणि बोटाला लागलेला रंग रुमालाला पुसून टाकला. सकाळभर त्या बंधाऱ्यावर होत्या. आतल्या पाण्याचा दाब कळावा म्हणून तिथे जमिनीत नळ्या पुरलेल्या आहेत. वहिनीने मोजून दिलेले आकडे बाजूला ठेवून बाईंनी स्वतः नळीत फीत सोडली, स्वतः वाचली. ओढ्याचं पाणीही स्वतःच्या बाटल्यांत भरून घेतलं. फितीवर तोच आकडा निघाला तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

"बंधारा तुमचा खणखणीत आहे," त्या म्हणाल्या. "आता भोंगा वाजवा."

"आत्ता?" मॅनेजरसाहेब दचकले.

"या आठवड्यात कधीतरी सराव होणार, एवढंच वस्तीला सांगा असं मी कळवलं होतं. सांगितलंय ना?"

"सांगितलंय. पण आत्ता लोकांची स्वयंपाकाची वेळ..."

"मग बरोबर वेळ आहे."

भोंगा वाजला. वहिनी, साहेब आणि बाई शाळेच्या टेकडीवर उभे होते. खालून माणसं निघाली. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्यावर अर्धवट पुसलेले ओले केस. एक आजोबा रेडिओ छातीशी धरून आले. शाळेतली मुलं तर रांगेत आधीच उभी होती, त्यांना सुट्टी मिळाल्यासारखा आनंद झाला होता. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. एकेका गल्लीचा प्रमुख येऊन सांगू लागला, "आमचे सगळे आले."

मग सांगणारे प्रमुख संपले.

"मागची गल्ली?" बाईंनी विचारलं.

मागच्या गल्लीतलं कुणीच नव्हतं. चार घरांची गल्ली ती. कामाची माणसं खाणीवर पाळीला गेलेली. घरी असणार ती फक्त एक ओली बाळंतीण, तिची आई आणि म्हातारा शिंपी. वहिनीने गर्दीवरून नजर फिरवली. तिचे सासरेही कुठे दिसत नव्हते.

सासरे म्हणजे वस्तीचे सुरुंगकाका. उभी हयात त्यांनी याच खाणीत सुरुंग लावले. त्या काळी कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी घालत नसे, त्यामुळे कान कायमचे गेले. सुरुंगासारखा भडकणारा स्वभाव मात्र अंगात राहिला. हल्ली हृदयही कुरकुर करत होतं. भोंगा त्यांना ऐकू येणार नाही म्हणून वहिनीने घरात एक लाल दिवा बसवून घेतला होता. भोंगा वाजला की तो लुकलुकायचा. दिवा लागला नसेल? की लागला आणि घाईत पायऱ्यांवरून कुठे पडले? सगळ्या वस्तीला पळायला शिकवणारी मी, आणि माझ्याच घरातलं माणूस मागे राहिलं, या विचाराने तिचे कान तापले. दुसऱ्याच क्षणी लाजही विसरली. बाईंना काही न सांगता ती उतारावरून धावत सुटली.

घराचं दार सताड उघडं होतं. लाल दिवा लुकलुकत होता. मोरीतला नळ वाहत होता आणि खाटेवर सासऱ्यांचा वाचायचा चष्मा तसाच पडलेला.

"मामंजी! मामंजी!"

ठार बहिऱ्या माणसाला हाका मारून उपयोग नाही हे ती नेहमी इतरांना सांगायची. आता स्वतःच घसा फोडत परसात गेली, गोठ्यामागे गेली, पुन्हा रस्त्यावर आली. पलीकडे धान्याच्या नव्या गोदामाचे मोठाले पंखे घरघरत होते. त्या गोदामाला वळसा घालून मागच्या गल्लीत जावं म्हणून ती वळली, आणि थबकली.

समोरून एक वरात येत होती. पुढे सुरुंगकाका, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. मागे भिंतीचा आधार घेत बाळंतीण, तिच्यामागे हातात आमटीचा डाव घेतलेली तिची आई आणि शेवटी गळ्यात मापाची फीत लोंबत असलेला शिंपी. काका कुणावर तरी मोठमोठ्याने ओरडत होते, बहुधा सगळ्यांवरच.

"मामंजी!" वहिनी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तोंड काय हलवतेस? बहिरा आहे मी!" काका गरजले. "हे बाळ धर आधी. ओलं केलंय मला त्यानं."

वहिनीने बाळ घेतलं. ते गाढ झोपलं होतं. तिने एका हाताने सासऱ्यांचा दंड घट्ट धरला आणि टेकडी येईपर्यंत सोडला नाही.

झालं होतं ते असं. दिवा लागताच काका नळ, चष्मा सगळं टाकून निघाले होते. गोदामाच्या कोपऱ्यावरून जाताना त्यांना दिसलं, शिंपी दारात बसून डोळे बारीक करून सुईत दोरा ओवतोय. सगळी वस्ती पळतेय आणि हा दोरा ओवतोय! काकांनी त्याला विचारलं नाही, कारण उत्तर ऐकू आलं नसतं. सरळ बखोटीला धरून उठवलं आणि बाळंतिणीच्या दारावर थापा मारल्या.

"मला वाटलं, काकांचं डोकं फिरलं," शिंपी टेकडीवर सांगत होता. लोक हसत होते. सुटकेचं हसू होतं ते.

तपासनीसबाईंनी बाळंतिणीला सावलीत बसवून विचारलं, "तुला भोंगा ऐकू आला का गं?"

"कसला भोंगा?" ती म्हणाली. "मी तर बाळाला निजवत होते."

हसू जागच्या जागी थांबलं.

मग बाई, साहेब आणि वहिनी असे तिघं मागच्या गल्लीत गेले. बाईंनी फोन करून भोंगा पुन्हा वाजवायला सांगितला आणि आवाज मोजायचं यंत्र हातात धरलं. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला कुत्री भुंकायला लागली. इथे मात्र नुसती पंख्यांची घरघर ऐकू येत होती. गोदामाची उंच भिंत भोंग्याच्या आणि गल्लीच्या मधे उभी होती. गोदाम मागच्या तपासणीनंतर झालेलं. त्याच्या भिंतीने भोंगा अडवला हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर बाई म्हणाल्या, "दुरुस्त होईपर्यंत या बाबीला 'सी'. बाकी बंधारा मी मोजला, तो उत्तम. पाण्याचा अहवाल आला की कळवीन."

साहेब भडकले. आधी गोदामवाल्यांवर, मग वहिनीवर. "तुमच्या घरात दिवा बसवता येतो आणि एका गल्लीला भोंगा ऐकू जातो का ते बघता येत नाही?"

वहिनी म्हणाली, "बरोबर आहे साहेब. बघायला हवं होतं. पण आज दिसलं."

आता आपली नोकरी गेली, असं तिने मनात धरलं. साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून वस्तीची छपरं दिसत, गोदामाचं सगळ्यात उंच.

"त्या बाळाचं नाव ठेवलंय का?" त्यांनी अचानक विचारलं.

"नाही अजून."

"हं." मग ते खुर्चीत बसले आणि मुख्य ऑफिसला फोन लावला. वहिनी जायला निघाली तर हातानेच थांबवलं. "हो, सी. नाही, बाईंची चूक नाही. नाही, अपील करायचं नाही. मी स्वतः तिथे उभा होतो, मला काहीही ऐकू आलं नाही. सध्या ए कापा, पुन्हा मिळवू." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. साहेबांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि वहिनीकडे बघून डोळे मिचकावले.

बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. कठड्याचा ओला रंग पदराला लागला, तेही तिला नंतर घरी गेल्यावर कळलं.

पुढे पाण्याचा अहवाल आला, तोही चांगला. गोदामाच्या छपरावर दुसरा भोंगा बसला. गोदामवाल्यांनी खळखळ केली, पण साहेब स्वतः जाऊन बोलले. कर्णा गल्लीकडे तोंड करून लावला आणि एका दुपारी त्याची चाचणी झाली. वहिनी त्या दिवशी मुद्दाम घरीच थांबली होती. भोंगा असा कडाडला की ओट्यावरची भांडी थरथरली.

थोड्याच वेळात बाळंतीण तणतणत दारात हजर. कुशीत बाळ, टाहो फोडणारं.

"वहिनी, काय हा आवाज! आत्ता कुठे डोळा लागला होता याचा. कान फुटतील ना लेकराचे!"

"ऐकू आला?" वहिनीने विचारलं.

"ऐकू आला का म्हणे! मेलेला उठून बसेल."

वहिनीला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळंतीण चक्रावून बघत राहिली. वहिनीने तिला आत ओढलं, पाट दिला, बाळ आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत घरभर फिरू लागली.

सुरुंगकाका खाटेवरून विचारत होते, "काय म्हणतेय ती? कुणी सांगेल का मला?" वहिनीने त्यांच्याजवळ जाऊन, ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगितलं. ते समाधानाने पुन्हा आडवे झाले. बाळाचं रडणं हळूहळू मुसमुसण्यावर आलं आणि मग थांबलं.