धुरपदाबाईंचं वाक्य

विद्यापीठानं भाषेचे अभ्यासक्रम संगणकावर आणायचं ठरवलं, त्या वर्षी बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या उषाताईंकडे बोलीभाषेचा धडा आला. त्यांच्या वर्गातल्या सुमननं त्यांना आपल्या आजीकडे, तुकईथडला नेलं. धुरपदाबाई केळीच्या बागेत काम करत बोलत राहिल्या आणि उषाताईंनी चार फेऱ्यांत त्यांची एकशे चाळीस वाक्यं रेकॉर्ड केली.

जुलैत धडा सुरू झाला. कॉम्प्युटर रूममध्ये पंचवीस मुलं हेडफोन लावून बसली होती. पडद्यावर धुरपदाबाईंचा हसरा फोटो आला आणि आवाज आला, "मी रोज बागात जातो, केयीचे घड कापतो."

खाली अक्षरं उमटली : या वाक्यातल्या चुका शोधा.

कुणीतरी फिसकन हसलं. "बाई होके 'जातो'!" मागून आवाज आला. मग सगळी रूमच हसली. प्रत्येक पडद्यावर आजीच्या चेहऱ्याशेजारी लाल फुली पडत होती. सुमननं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उषाताईंकडे न बघता बाहेर निघून गेली.

उषाताईंनी विद्यापीठासाठी संगणकावर धडे तयार करणाऱ्या चुडामणला तिथूनच फोन लावला.

"हे काय केलंत तुम्ही? त्या बाईंचं बोलणं चूक म्हणून दाखवताय?"

"मॅडम, मैंने कुछ नहीं किया. तुमच्याच शीटमध्ये लिहिलंय. जिथं 'अप्रमाण' आहे, ते सगळं 'चुका शोधा' या प्रकारात जातं."

त्यांनी शीट उघडली. एकशे चाळीस ओळी. प्रत्येकीपुढे त्यांनी स्वतः भरलेला तोच शब्द. वीस वर्षांच्या सवयीनं, एकदाही न थांबता. त्या खुर्चीत बसल्या त्या तास संपला तरी उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या तुकईथडला गेल्या. सुमन दारातच होती, ती बाजूला सरकली. उषाताईंनी मोबाइलवर धडा लावला.

धुरपदाबाई आपलाच आवाज ऐकून आधी हरखल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे लाल काय व्हय?"

"आजी, मशीन म्हणतं तुम्ही चुकलात."

"मशीनले कोणी सांगतलं?"

उषाताई म्हणाल्या, "मी."

धुरपदाबाईंनी हात मागे घेतला. "तू तं माह्या घरी जेवली ना वं," एवढंच म्हणाल्या.

उषाताई रडल्या. धडा काढून टाकते म्हणाल्या.

"काढू नको," धुरपदाबाई म्हणाल्या. "काहून काढतं? नीट कर. आन् लिहितानी सुमन तुह्याजोळ बसन."

धडा त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद झाला. चुडामणनं कुरकुर केली, विद्यापीठानं खुलासा मागितला. उषाताईंनी चूक माझी आहे असं लिहून दिलं.

आता दर रविवारी, कॉलेज नसतानाही, सुमन बसनं बऱ्हाणपूरला उषाताईंच्या घरी येते. एकेक वाक्य ऐकायचं, त्याचा अर्थ आणि नियम लिहायचा. बायकाही 'जातो' म्हणतात, हा त्या बोलीचा नियम आहे, ही पहिली ओळ सुमननंच सांगितली. दिवाळीपर्यंत ब्याण्णव वाक्यं झाली. सुमन काम चोख करते. चहा मात्र घेत नाही.