एकशे अठरावा बदल

निळा फवारणी पंप. पंधरा मिली. सोनाबाई टेकामांचा आवाज. धर्मपाल सरांची कटकट.

२०१७ साली यवतमाळच्या आमच्या ऑफिसातून कापूस फवारणाऱ्यांना दुपारी चारला फोनवर सूचना जायच्या. प्रोग्रामच्या दोन शाखा होत्या, मराठी आणि कोलाम आदिवासींची कोलामी. कोलामीतला आवाज सोनाबाईंचा, शब्द आणि आकडे सुटे सुटे रेकॉर्ड केलेले. मराठीतली दुरुस्ती कोलामीत हाताने उतरवायची नाही, मशीनच्या आज्ञेनेच न्यायची, म्हणजे कोणता बदल कुठे पोचला याची नोंद राहते, हा आमचे प्रमुख धर्मपाल सरांचा नियम.

"सर, दोन ओळींसाठी कायले एवढा सोपस्कार?" ऑफिसातला बंटी चिडवायचा.

"मागच्या सोमवारी काय नेलं, आठवते तुले?"

"नाही."

"मशीनले आठवते."

सर नोकरी सोडून गेले, सवय राहिली. एका नव्या औषधाची सूचना पहिल्यांदाच जायची होती. त्या दिवशी साडेतीनला मी मशीनला विचारलं, मराठीतलं काय कोलामीत यायचं राहिलं? एकाच बदलाचा क्रमांक आला, ११८. उघडून पाहिलं. पंपामागे पन्नास नाही, पंधरा मिली. कोलामीत अजून पन्नासच होते. एवढ्या औषधाने फवारणारा माणूस आडवा झाला असता.

बदल लगेच नेला. चारला सोनाबाईंचा आवाज कोलामीत पंधरा म्हणाला.

मी सरांना फोन लावला.

"दीपा, रडून काहून राह्यली?"

"तुमची कटकट कामी आली, सर."

सोनाबाईंचा नवराही आमच्याच सूचना ऐकून फवारायचा; निळा पंप त्याने त्याच सकाळी आणला होता.