चौथं बीळ

मुंग्यांच्या तीन बिळांत पावडर टाकून मी चौथ्याकडे वळलो, तर ठाकूरवाडीतली चिंधी त्या बिळापाशी पाय रोवून उभी.

मी गजा. ब्लॉक ऑफिसात कीड मारायची विषारी पावडर टाकायचं माझं काम. अठरा वर्षं वरून सांगतील तिथे टाकली, कधी तोंड उघडलं नाही. भिवपुरीच्या विठू पाटलाच्या पोरीला, पारूला, आदल्या दिवशी माळावर खेळताना लाल मुंगी डसली, हात कोपरापर्यंत सुजला. माळावरची सगळी बिळं मारा, असा पाटलानं हट्टच धरला, आणि आता तो माझ्या मागे उभा होता.

साल बहात्तर. पाऊस दगा देऊन गेलेला, ठाकूरवाडीतल्या कणग्या रिकाम्या. मुंग्यांनी शेतात सांडलेली वरी वेचून बिळात साठवलेली, ती उकरून वाडी दिवस काढत होती. अर्धी घ्यायची, अर्धी मुंग्यांना ठेवायची, असा त्यांचा रिवाज. आणि मी मेला त्यातच विष कालवत होतो.

चिंधीचं म्हणणं, पोरीला डसली ती मुंगीच नव्हे. पाटील हसला. आता ही मला मुंग्या शिकवणार, म्हणाला.

"पाटील, ही रांगेनं जाते, दाना व्हाते. पोरीला डसली ती एकली हिंडते. तिला ना रांग, ना दाना. अंगावर मखमल, पन नांगी इंचवावानी."

पाटील ऐकेना. तेव्हा चिंधीनं डावा हात सरळ बिळात घातला. मुंग्या दंडापर्यंत चढल्या, तिनं त्या शांतपणे झटकल्या. मग झुडपाखाली हुडकून तसली एक मखमली अंगाची लाल कीड पानात धरून आणली. नको गं बाय, म्हणेपर्यंत तिनं ती उजव्या मनगटावर दाबली.

ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहिलं. बघता बघता मनगट पारूच्या हातासारखं टम्म फुगलं. पाटलानं तिचे दोन्ही हात शेजारी धरून बघितले; बिळात घातलेला डावा जसाच्या तसा होता.

"ऱ्हाऊ दे रं गजा," म्हणाला आणि उतार उतरून गेला.

चिंधीनं मला विचारलं, किती झाली? तीन, मी सांगितलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डाव्या हातानं करवंदीच्या काटेरी फांद्या मोडून ती त्या तीन बिळांवर रचू लागली, वाडीतल्या कुणी तिथे उकरू नये म्हणून. मला राहवेना. मी फांदी उचलायला वाकलो.

"तुज्या हाताला पावडर हाय, दादा. लांब ऱ्हा."

मी हात मागे घेतला.