तिप्पट म्हणजे किती?

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो. माझा भागाकार कधी चुकला नाही. तरीही एका उत्तराने माझा असा गोंधळ उडवला, की तो अजून निस्तरलेला नाही.

परदेशातल्या कारखान्यात माझे भाग जोडले गेले. १९८३ साली मी अंधेरीच्या एका आरोग्य केंद्रात, डॉक्टर मृणालिनीबाईंच्या टेबलावर आलो. माझे हिरवे आकडे उजळले की येणारेजाणारे कौतुकाने थांबत. बाई मला रोज पिवळ्या फडक्याने पुसत.

त्या एक अभ्यास करत होत्या. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्या दोनशे बायका आणि न घेणाऱ्या दोनशे. आधी सगळ्यांचा रक्तदाब ठीक होता. दोन वर्षांनी गोळीवाल्यांपैकी बाराजणींचा वाढलेला निघाला, बाकीच्यांपैकी चौघींचा. म्हणजे इकडे शंभरांत सहा, तिकडे शंभरांत दोन. बाईंनी सहाला दोनाने भागले. मी तीन दाखवले.

त्यांचे सहकारी डॉक्टर जयवंत यांनी तो आकडा पाहिला आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यात जाऊन सांगितले, की गोळीने धोका तिप्पट होतो. हेतू चांगलाच होता. पण बायकांना वाटले, आता आपण सगळ्याच आजारी पडणार. कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या.

सगुणा त्यांतलीच. मासळीची पाटी दाराशी ठेवून ती केंद्रात आली. मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहिले तर जिवाशी गाठ, असे तिला सांगितलेले. गोळी घ्यावी तर भीती, न घ्यावी तरी भीती.

बाईंनी तिच्यासमोर सहातून दोन वजा केले. शंभरजणींमागे चौघी जास्त, एवढेच, असे तिला समजावले. मी चक्रावलो. तेव्हा तीन, आता चार! आकडे तेच, आणि दोन्ही उत्तरे बरोबर.

सगुणाने माझ्या चाराच्या आकड्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, "बाई, त्या ज्यास्तीच्या चौघींत मी हाय का नाय?"

बाईंचे बोट माझ्या बटणांवर थबकले. असे बटण माझ्याकडे नव्हते.

"ते मला सांगता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण तुझा रक्तदाब मोजता येतो. हात पुढे कर."

मला बाजूला सारून त्यांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब वाढलेला होता. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, तरी तेच. मग त्यांनी गोळी कायमची बंद केली, औषध सुरू केले आणि दिवस राहू नयेत म्हणून तपासून तांबी बसवून दिली. काही महिन्यांत रक्तदाब उतरला. गोळी सुटल्यामुळे की औषधामुळे, कोण जाणे.

पुढे बाई आणि जयवंत दोघेही कोळीवाड्यात गेले. या वेळी दोन्ही आकडे सांगितले आणि प्रत्येकीचा रक्तदाब मोजला. ज्यांचा ठीक होता, त्यांतल्या बऱ्याचजणींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

नंतर केंद्रात संगणक आला. मी कपाटात गेलो. आतले सेल कुणी काढलेच नाहीत. ते पाझरले आणि माझे आकडे विझले.

मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्याचे सेल काढत जा. आणि त्याने दाखवलेला आकडा कुणाला सांगायचा असेल, तर आधी त्या माणसाकडे नीट बघा. गोळी न घेताही सगुणा आजारी पडलीच असती का? ती शंभरांतल्या त्या दोघींतली, की जास्तीच्या चौघींतली? मला अजून कळलेले नाही. बाईंनी तिचा हात वेळेवर हातात घेतला, एवढे मात्र कळते.