मार्कांशी मार्क, मुलीशी मुलगी

मला हातात घ्याल तर तुमची बोटे पांढरी होतील, मित्रांनो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी डस्टर आहे. आता जुना झालो. माझी लोकर झिजली, एक कोपरा फुटला, आणि गेली काही वर्षे मी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या फटीत अडकवलेला असतो. पण माझेही दिवस होते.

एका सुताराने खुर्च्या करून उरलेल्या लाकडाचा तुकडा घेतला, त्याला रंधा मारला आणि पकड यावी म्हणून दोन्ही बाजूंनी खाचा पाडल्या. त्याच्या बायकोने जाड लोकरी कापडाच्या सात पट्ट्या सरसाने माझ्या पोटाला चिकटवल्या. "हा चांगला टिकेल," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे फार मिळाले नाही.

मी आलो तो एका शिकवणीच्या वर्गात. बेकरीच्या वर एक लांबट खोली, तीन रांगा बाके, एक खिडकी आणि भिंतभर काळा फळा. तिथे एकच विषय शिकवला जाई, इंग्रजी व्याकरण. आणि एकच परीक्षा डोळ्यांपुढे असे, शिष्यवृत्तीची. दूरच्या मोठ्या निवासी कॉलेजात आमच्या गावाला दर वर्षी एक जागा होती. फक्त एक.

शिकवणारे सर उंच, शिडशिडीत होते. इंग्रजी त्यांना अगदी तळहातावरच्या रेषांसारखे ठाऊक होते. ते पुस्तक देत नसत. "मी सांगतो तेच पुस्तक," असे ते म्हणत. मुले माना खाली घालून लिहून घेत.

सरांचा हातखंडा विषय म्हणजे तुलना. शिष्यवृत्तीच्या पेपरात तुलनेचे प्रश्न हमखास येत आणि त्यांत भलेभले आपटत. सर फळ्यावर एक चुकीचे वाक्य लिहीत आणि चूक शोधायला सांगत. 'माझ्या शेजाऱ्याचा आवाज कावळ्यापेक्षा कर्कश आहे.' आता यात चूक काय? तर आवाजाची तुलना कावळ्याशी झाली. ती कावळ्याच्या आवाजाशी व्हायला हवी. बोलताना आपण असे सर्रास बोलतो, पण इंग्रजीच्या पेपरात ते चालत नाही. "आवाजाशी आवाज, घराशी घर, मार्कांशी मार्क," सर खडू आपटून सांगत, "जे एका पारड्यात घालाल, तेच दुसऱ्या पारड्यात पाहिजे."

मला हे फार पटायचे. केवढा न्यायाचा नियम, असे वाटायचे. पण वाक्ये मीच पुसत असे, म्हणून हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सरांना कावळे आणि शेजारी लवकर पुरेनासे झाले. मग ते वर्गातली मुले घेऊ लागले. 'जाड्याची बुद्धी बैलापेक्षा मंद आहे.' वर्ग खो खो हसे. जाड्या उभा राहून, कान लाल करून चूक दुरुस्त करी: "सर, बैलाच्या बुद्धीपेक्षा." सर म्हणत, "शाबास! व्याकरण सुधारलं. बुद्धीचं काय करायचं ते देवाला विचारू." पुन्हा हशा.

या वर्गात दोन मुली एका बाकावर बसत. एक सरांचीच मुलगी. तिला सगळे मनी म्हणत. वर्गात वडिलांना 'सर' म्हणायचे, चुकून 'बाबा' निघाले की बाकावर उभे राहायचे, असा तिला नियम होता. दुसरी शिंपीकाकांची मुलगी. तिच्या कंपासपेटीत खोडरबराशेजारी नेहमी दोन-चार बटणे असत, म्हणून तिचे नाव पडले बटण. दोघी एका डब्यातून खात. बटणला इंग्रजी चटकन समजे. मनीलाही समजे, पण सर समोर उभे राहिले की समजलेले सगळे तिच्या घशात अडके.

सरांना हे सहन होईना. घरी काय होत असेल ते मला कळायला मार्ग नव्हता, पण फळ्यावर रोज एक नवे वाक्य येऊ लागले. 'मनीचे अक्षर बटणपेक्षा वाईट आहे.' 'मनीचे डोके बटणपेक्षा रिकामे आहे.' सर मनीलाच उभी करत. मनी चूक सांगे: अक्षराची तुलना अक्षराशी, डोक्याची डोक्याशी. उत्तर बरोबर आले तरी तिची सुटका होत नसे, कारण दुरुस्त झालेले वाक्यही तिलाच लागायचे. सुरुवातीला बटण तिचा हात धरी. पुढे पुढे मनी हात काढून घेऊ लागली.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना सरांनी लिहिले, 'माझ्या मुलीचे मार्क शिंप्याच्या मुलीपेक्षा कमी आहेत.'

"ऊठ," ते मनीला म्हणाले. "चूक सांग."

मनी उठली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसले. मनी फळ्यावरचे वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"तीन म्हणेपर्यंत वेळ देतो. एक."

बटण तिच्याकडे झुकली आणि तोंडावर हात धरून कुजबुजली, "मार्क आणि मुलगी. मार्कांची तुलना मुलीशी झालीय."

"दोन. तीन."

सरांनी मला उचलले आणि फेकले. तसे ते मला नेहमीच फेकत, पण मागच्या भिंतीवर, दचकवायला. त्या दिवशी नेम खाली गेला. मनीने मान चुकवली. बटण सांगायला पुढे झुकलेली होती. माझा लाकडी कोपरा तिच्या डाव्या भुवईवर बसला. लोकर मऊ असते हो, मित्रांनो, लाकूड नसते. माझा तो कोपरा तेव्हाच फुटला. तिची भुवईही फुटली आणि वहीवर रक्त ठिबकले.

सर क्षणभर पांढरे पडले. मग मनीकडे वळून म्हणाले, "बघ! तू वेळेवर उत्तर दिलं असतंस तर हे झालं असतं का?"

चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी शिंपीकाका वर आले, गळ्यात मापाची टेप तशीच. मला वाटले, आता हा माणूस सरांची गचांडी धरणार. पण ते दारातच उभे राहिले.

"सर, डॉक्टर म्हणाले चार दिवस घरी ठेवा. तिचा अभ्यास तेवढा बुडायला नको. एवढी एक जागा आहे, तिचा जीव टांगलाय त्यात."

"मनी तिला लिहून देईल," सर म्हणाले.

"उपकार झाले," असे म्हणून शिंपीकाका गेले. उपकार!

त्या चार दिवसांत सरांनी तुलनेतला शेवटचा आणि सगळ्यांत नाजूक भाग शिकवला. 'या गावातले रस्ते त्या गावातल्या रस्त्यांपेक्षा अरुंद आहेत,' असे इंग्रजीत म्हणताना 'रस्ते' हा शब्द पुन्हा घेत नाहीत. त्याच्या जागी 'दोज ऑफ' ठेवतात. वस्तू एकच असेल, म्हणजे एका घराचे छत आणि दुसऱ्या घराचे छत, तर 'दॅट ऑफ'. अनेकांना दोज, एकाला दॅट. बस, एवढेच. पण पर्यायांत दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि मुले फसतात.

चौथ्या दिवशी दुपारी वर्ग सुटला. मनी एकटी बाकावर बसली आणि बटणसाठी लिहू लागली. मी फळ्याखालच्या फळीवर होतो. तिची वही मला स्वच्छ दिसत होती. पहिले पान तिने अगदी बरोबर लिहिले. मग लेखणी थांबली. फळ्यावर वडिलांनी त्या दिवशी लिहिलेले वाक्य अजून तसेच होते: 'टाके घालूनसुद्धा बटणचा चेहरा मनीपेक्षा हुशार दिसतो.' मनीने ते पुन्हा पुन्हा वाचले. मग ते पान फाडले, त्याची घडी करून दप्तरात कोंबली, आणि नव्या पानावर, सुरेख अक्षरात लिहिले: 'तुलना नेहमी एकवचनी धरावी. रस्ते असोत वा छत, दोन्हीकडे दॅट ऑफच घालावे.' खाली बारा उदाहरणे दिली. बाराच्या बारा त्याच चुकीची.

मी ओरडणार कुठल्या तोंडाने? चार दिवसांपूर्वी त्याच बटणच्या वहीवर ठिबकलेले रक्त माझ्यामुळेच होते.

परीक्षा झाली. निकाल लागला. मनी पहिली आली, बटणपेक्षा दोन मार्कांनी वर. तुलनेचे तीन प्रश्न आले होते आणि बटणचे तिन्ही चुकले होते.

बटण मनीने लिहून दिलेला कागद घेऊन आली. भुवईवर नवी गुलाबी रेघ उमटली होती.

"सर, यात लिहिलंय तसंच मी केलं. मग चुकलं कसं?"

सरांनी कागद घेतला. पहिले उदाहरण वाचले, दुसरे वाचले, मग बाकीची भरभर. त्यांनी मान वर करून मनीकडे पाहिले. मनी खिडकीशी उभी होती. तिने नजर चुकवली नाही. मला वाटते, तिला त्या क्षणी मार हवा होता.

सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"चार दिवस घरी बसलीस, त्याचं हे फळ."

"पण सर, हे अक्षर मनीचं..."

"बटण, हरल्यावर दुसऱ्यावर ढकलू नये. जा आता."

ती गेली. जिन्यावर तिच्या चपला एकदाच अडखळल्या. सर फळ्याशी गेले आणि त्यांनी लिहिले, 'मनीचे मार्क बटणच्या मार्कांपेक्षा जास्त आहेत.' इंग्रजीत लिहिले, दोज ऑफ घालून, एकही चूक न करता. मग मनीच्या डोक्यावर खडूने माखलेला हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा.

"आता कशी माझी मुलगी शोभलीस," ते म्हणाले.

मनीने मला उचलले आणि ते वाक्य घासायला सुरुवात केली. अक्षरे केव्हाच गेली, तरी ती घासतच राहिली. माझी एक पट्टी तेव्हा सुटून आली.

पुढची गोष्ट थोडी आहे. मनी कॉलेजात गेली. बटणचे वर्षभर बापाच्या मशीनवर गेले. मग सरांचे डोळे अधू झाले, तेव्हा वह्या तपासायला त्यांनी तिलाच बोलावले. तिच्याइतके इंग्रजी गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हते. ती आली. पांढरा बोर्ड आला, शाईची पेने आली, आणि मी दाराच्या फटीत गेलो.

तीन वर्षांनी सुट्टीत मनी वर्गात आली. बटण वह्यांच्या ढिगाशी बसली होती.

"मला तुला काही सांगायचंय," मनी म्हणाली.

"दॅट आणि दोज ना? मला निकालाच्या तिसऱ्याच दिवशी कळलं. ग्रंथालयात जाऊन बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी? तुझ्या बाबांशी? कागद त्यांनीच खिशात घातला होता."

मनी रडू लागली. "बटण, मला माफ कर. तेव्हापासून मला..."

"तुला काय काय होतं ते मला नको सांगूस." बटणने पुढची वही ओढली. "मला संध्याकाळपर्यंत पन्नास वह्या आहेत. जाताना दार लोटून घे."

मनी दाराशी आली, वाकली, तिने मला फटीतून काढून बाजूला ठेवले आणि दार लोटून ती गेली. ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, मला कधीमधी उन्हात नेऊन झटकलेत तर मी आणखी दोन वर्षे काढीन. पण तो हट्ट नाही. तुमच्यापैकी कुणी आपल्या मैत्रिणीला मुद्दाम चुकीचे सांगितले असेल, आणि तिची परीक्षा अजून व्हायची असेल, तर हे वाचणे इथेच सोडा. चपला घाला, तिच्या घरी जा आणि बरोबर काय ते सांगून या. निकाल लागल्यावर सांगितलेले खरे कुणाच्याच उपयोगाचे नसते.